सोसायटीतला लोहगड: दिवाळीच्या किल्ल्याच्या प्रकल्प नोंदी

शनिवार, ४ ऑक्टोबर २०२५: जागा आणि आकार

ठिकाण: पुणे, सोसायटीचं मागचं आवार. मुलं साधारण दोन ते आठ वर्षांची. किल्ला वसुबारसेला (१७ ऑक्टोबर) उभा हवा आणि लक्ष्मीपूजनाला (२१ ऑक्टोबर) हिरवा.

बहुतेक सोसायट्यांमधले किल्ले मोठी माणसंच बांधतात आणि लहान मुलं कडेला उभी राहून बघतात. कारण साधं आहे: किल्ला भिंतीच्या कोपऱ्यात, उंच आणि खोल बांधलेला असतो, त्यामुळे मुलांचा हात पोचतच नाही. म्हणून आमचं पहिलं माप मुलाच्या हाताचं. चार वर्षांचं मूल कडेला उकिडवं बसून साधारण ४५ सेंटीमीटर आत काम करू शकतं. दोन्ही बाजूंनी मुलं बसणार, म्हणजे रुंदी ९० सेंटीमीटर. लांबी १८० ठेवली. माथा ४५ सेंटीमीटरवर, सगळ्यात उंच टेकाड ५५ वर. तीन वर्षांच्या मुलाला ते उभ्याने सहज दिसतं आणि माथ्यावर हातही पोचतो.

जागा निवडताना पाहिलेल्या गोष्टी: नळ पाच-सहा मीटरच्या आत हवा. सकाळचं ऊन आणि दुपारची सावली हवी, कारण ऑक्टोबर हीटमध्ये दुपारभर ऊन लागलं की माती तडकते. भिंतीपासून निदान दोन फूट अंतर हवं, म्हणजे मागूनही बसता येतं. गाड्या मागे घेतात तिथून दूर हवं, फटाके उडवतात तिथूनही दूर. पावसाच्या पाण्याची जाळी जवळ असेल तर तिच्यावर आधीच दुहेरी गोणपाट टाकायचं. चिखल जाळीत गेला तर तो काढणं किल्ला बांधण्यापेक्षा अवघड काम आहे.

कोणता किल्ला करायचा यावर चर्चा झाली. राजगडाच्या तीन माच्या आणि बालेकिल्ला दिसायला देखणा, पण लहान मुलांना चढवून दाखवता येत नाही. जे पाहिलं तेच हाताने करायचं, असं ठरलं असल्याने लोहगड निवडला. पायथ्याच्या लोहगडवाडीपासून माथ्यापर्यंत बांधीव पायऱ्या आहेत, एकामागोमाग चार दरवाजे आहेत आणि विंचूकाट्यासारखा आकार मुलं एकदा पाहून विसरत नाहीत. शिवाय जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलेल्या मराठ्यांच्या बारा किल्ल्यांमध्ये लोहगड आहे, त्यामुळे मोठ्या मुलांनी शाळेत त्याचं नाव नुकतंच ऐकलेलं होतं.

रविवार, ५ ऑक्टोबर: सामान

विटा साठ (सोसायटीच्या जुन्या कामातल्या, तुटक्याही चालतात), फळांचे प्लास्टिक क्रेट दोन, गोणपाटाची रिकामी पोती आठ, मध्यम दगड, नर्सरीतली लाल माती सात घमेली, बारीक वाळू दोन घमेली, काथ्या दोन घमेली भरेल इतका, खालून अंथरायला जाड प्लास्टिक.

मातीचा हिशोब असा: किल्ल्याचा पृष्ठभाग उतार धरून साधारण तीन चौरस मीटर. दोन थर मिळून तीन सेंटीमीटर जाडी, म्हणजे जवळपास ९० ते १०० लिटर गारा (थापायचा कालवलेला चिखल). एका घमेल्यात काठापर्यंत साधारण बारा लिटर बसतं आणि सुट्टी माती भिजल्यावर दबते, म्हणून दहा-अकरा घमेली धरायची.

फुकट मिळाली तरी नुसती काळी माती नको. पुण्याकडची काळी माती भिजली की फुगते आणि वाळली की आकसते, रानात उन्हाळ्यात भेगा पडतात तशाच किल्ल्यावरही पडतात. लाल माती, वाळू आणि काथ्या ७:२:२ या प्रमाणात घेतले की वाळू आकसणं कमी करते आणि काथ्या भेग उघडू देत नाही. काथ्याचे बोटभर लांबीचे तुकडे करून घ्यावेत. लांब दोरे राहिले तर मुलांच्या बोटांत गुंततात आणि थापलेला थर ओढून काढतात.

खोक्यांचा सांगाडा कोणी सुचवला तर नाही म्हणायचं. पुठ्ठा भिजला की दुसऱ्या दिवशी माथा खचतो. थर्माकोल हलका असल्याने सरकतो, आणि नंतर त्याचे गोळे मातीत कायमचे राहतात.

लाल माती चाळून घेतली. चाळणं हे तीन वर्षांच्या मुलांचं आवडतं काम आहे, पण आधी मोठ्यांनी मातीवरून लोहचुंबक फिरवायचं आणि पसरून हाताने पाहायचं: खिळे, काचेचे तुकडे, ब्लेड. त्यानंतरच मुलांच्या हाती चाळण द्यायची.

शनिवार, ११ ऑक्टोबर: लोहगड

पुणे-लोणावळा लोकलने मळवली, तिथून गाडीने लोहगडवाडी. मळवलीहून भाजे गावावरून गायमुख खिंडीतून चालत जाणारी वाट छान आहे, पण सहा वर्षांखालची मुलं तिथेच दमतात आणि गडावर कडेवर घ्यावी लागतात. पाय पायऱ्यांसाठी राखून ठेवलेले बरे. पाच वर्षांखालच्या मुलांना लोकलचं तिकीट लागत नाही. गडावर पुरातत्त्व खात्याचं तिकीट आहे, पंधरा वर्षांखालच्यांना तेही माफ.

मोठ्या माणसाला पायऱ्या चढायला अर्धा-पाऊण तास लागतो. लहान मुलांसोबत दीड तास धरावा. चढण लांब वाटू नये म्हणून दरवाज्यांचेच टप्पे केले. खालून वर गणेश दरवाजा, नारायण दरवाजा, हनुमान दरवाजा, मग महादरवाजा. प्रत्येक दरवाज्यात थांबायचं, दोन घोट पाणी आणि एक राजगिऱ्याची वडी. शेंगदाण्याची चिक्की चार वर्षांखालच्यांना देऊ नये, चढताना घशात अडकू शकते. गडावर माकडं भरपूर आहेत आणि हातातली पिशवी थेट ओढतात. खाऊ मोठ्यांच्या बंद सॅकमध्ये ठेवायचा, आसपास माकड नसेल तेव्हाच काढायचा आणि लगेच संपवायचा. प्लास्टिकची पिशवी खुळखुळली तरी माकडं येतात, म्हणून स्टीलचा डबा चांगला.

दरवाज्यांपाशी मुलांना एवढंच विचारलं: "आता वळून बघा, मागचा दरवाजा दिसतो का?" वाट वळणं घेत जाते आणि वरच्या तटावरून खालची वाट माऱ्यात राहते, हे मुलांना समजावून सांगावं लागत नाही, तिथे उभं राहिलं की दिसतं. किल्ल्याची प्रतिकृती करताना नेमकं हेच उपयोगी पडतं. एरवी मुलं सरळ जिना करतात आणि वर एक कमान लावतात.

माथ्यावर लक्ष्मीकोठी पाहिली. महाराजांनी लोहगड स्वराज्यात आणला, १६६५ च्या पुरंदरच्या तहात तो मोगलांकडे गेला आणि १६७० मध्ये परत आला. सुरतेची लूट या कोठीत ठेवली होती असं सांगतात. पाच वर्षांच्या मुलांना सनावळ्या नकोत, "खजिन्याची खोली" पुरते. पुढे नाना फडणविसांच्या काळातलं सोळा कोनांचं तळं. मुलांनी काठाने फिरत कोन मोजले. सुरुवातीच्या कोनावर एका मोठ्या माणसाने उभं राहायचं, नाहीतर मोजणी कुठे संपली ते कळत नाही. तळ्याला सगळीकडे कठडा नाही, त्यामुळे दर दोन लहान मुलांमागे एक मोठं माणूस हवंच.

विंचूकाटा वरूनच दाखवला. ही माची साधारण १५०० मीटर लांब आणि ३० मीटर रुंद. तिच्यावर जायला खडकातून उतरावं लागतं आणि परत तिथूनच चढावं लागतं. सात वर्षांखालच्या मुलांना तिथे नेऊ नये. वरून विंचवाची नांगी पूर्ण दिसते, प्रतिकृतीसाठी तेवढं बघणं पुरे. माथ्यावरून पवना धरणाचं पाणी, तुंग, तिकोना आणि शेजारचा विसापूरही दिसतो.

ज्यांना एवढ्या लांब जाणं शक्य नाही त्यांनी दोन वर्षांच्या मुलाला पर्वतीच्या १०३ पायऱ्या चढवाव्यात. पायऱ्या रुंद आहेत आणि वरून शहर दिसतं. मुंबईकडच्यांना वसईचा किल्ला सोयीचा: सपाट जागा, सावली आणि उंच तट.

रविवार, १२ ऑक्टोबर: सांगाडा

सकाळी खाली प्लास्टिक अंथरून कडेने विटांची एक रांग लावली, म्हणजे चिखल बाहेर वाहत नाही. मध्ये दोन क्रेट उपडे, भोवती विटा उतरत्या पायऱ्यांनी, फटींत दगड. विटा उचलणं मोठ्यांचं काम. पडून राहिलेल्या विटांखाली विंचू असू शकतो, म्हणून वीट आधी फावड्याने पलटायची, मग हात लावायचा.

विंचूकाटा मापात करता येत नाही. खरी लांबी-रुंदी ५० ला १ आहे, म्हणजे ९० सेंटीमीटर लांबीच्या माचीची रुंदी दोन सेंटीमीटरसुद्धा भरत नाही. मातीची एवढी निमुळती पट्टी उभी राहत नाही. रुंदी १८ सेंटीमीटर घेतली आणि लांबी ९० ठेवली. आकार ओळखू येतो आणि त्यावर मावळेही उभे राहतात. टोकाला एक गोल दगड बुरूज म्हणून आत पुरला.

मग गोणपाट. पोती उसवून, पातळ काल्यात (ताकाइतका पातळ चिखल) बुडवून सांगाड्यावर टाकायची आणि घड्या दाबून डोंगराच्या सोंडा करायच्या. मुलांचं खरं काम इथून सुरू होतं. काला जाड झाला तर पोत्याच्या विणीत शिरत नाही, आणि वाळल्यावर वरचा थर पोत्यापासून पापुद्र्यासारखा सुटतो.

संध्याकाळी गारा कालवला. घमेल्यात दोन-तीन वर्षांच्या मुलांनी पायाने तुडवायचं. अनवाणी चालायचं ते फक्त घमेल्यात, बाहेर चपला. पाणी एकदम ओतायचं नाही, तांब्या-तांब्याने घालायचं. परीक्षा: लिंबाएवढा गोळा करून कमरेइतक्या उंचीवरून फरशीवर सोडायचा. पसरला तर पाणी जास्त, फुटला तर कमी, थोडासा चपटा होऊन टिकला तर बरोबर. ही परीक्षा मुलं पुन्हा पुन्हा मागतात, आणि करू द्यावी. तेवढ्यात गारा चांगला मळला जातो.

पहिला थर दीड सेंटीमीटर, खालून वर. वरून खाली थापत आलं की वजनाने सगळा थर घसरतो. तळव्याने दाबायचं, बोटाने पसरायचं नाही. रात्री ओलं गोणपाट टाकून झाकला.

सोमवार, १३ ऑक्टोबर: दुसरा थर, वाट, दरवाजे

पहिला थर बोटाने दाबून खड्डा पडेना पण ओलसर लागला, तेव्हा दुसरा थर द्यायचा. पूर्ण वाळू दिला तर दुसरा चिकटत नाही, अशा वेळी आधी पाणी शिंपडून ब्रशने काल्याचा हात फिरवावा.

दुसरा थर ओला असतानाच वाट. सहा सेंटीमीटर रुंद, चार वळणं. पायऱ्यांसाठी आइस्क्रीमच्या काड्या अर्ध्या करून आडव्या दाबायच्या. हे काम चार-पाच वर्षांच्या मुलांना फार जमतं, अंगठ्याने एक काडी, मग दोन बोटं सोडून पुढची. तुटलेल्या टोकाची धार पॉलिशपेपरने घासून मगच द्यायची.

दरवाजे सहा ते आठ वर्षांच्या मुलांनी केले. शाडूचा एक सेंटीमीटर जाड पोळा लाटायचा, छोट्या वाटीच्या कडेने अर्धगोल कापायचा, सावलीत वाळवायचा. सरळ उन्हात ठेवला की कमान वाकते. प्रत्येक दरवाजा मागच्या दरवाज्यातून दिसणार नाही असा वळवून रोवला. एका मुलाने वाटेवर बोट चालवायचं आणि दुसऱ्याने तटावरून बघायचं, बोट कुठे लपतं? लपलं तर तट हलवायचा.

तळ्यासाठी १५ सेंटीमीटर व्यासाचं डब्याचं झाकण मातीत बसवलं आणि भोवती तीन सेंटीमीटरचे सोळा काडीतुकडे लावले. सोळा बाजू आणि तीन सेंटीमीटर, घेर ४८ सेंटीमीटर, तो १५ च्या झाकणाभोवती नेमका बसतो.

मंगळवार, १४ ऑक्टोबर: हळीव

हळीव ओल आणि ऊब मिळाली की दोन दिवसांत मोड काढतो आणि आठवडाभरात चार-पाच सेंटीमीटर होतो. लक्ष्मीपूजनाला गच्च हिरवं हवं तर आज पेरणं बरोबर. गहू अधिक वेळ घेतो, तो पायथ्याच्या शेतासाठी रविवारीच रात्रभर भिजत घातला होता आणि काल पेरला.

हिरवळ साधारण दीड चौरस मीटरवर, चौरस मीटरला शंभर ग्रॅम याप्रमाणे दीडशे ग्रॅम हळीव. सपाटीवर कोरडा हळीव दुप्पट कोरड्या वाळूत मिसळून मीठदाणीने पेरायचा. नुसता हळीव मुलाच्या मुठीत दिला की एकाच जागी ढीग पडतो, आणि ढिगात खालचं बी कुजतं.

उभ्या कड्यासाठी वेगळी रीत. हळीव दुप्पट पाण्यात वीस-पंचवीस मिनिटं ठेवला की बुळबुळीत होतो. तो बोटांनी कड्यावर सारवायचा, खाली पडत नाही. मुलांना हा बुळबुळीतपणा हाताळायला जाम आवडतो. थर एका दाण्याचाच ठेवायचा. जाड झाला तर मुळं मातीपर्यंत पोचत नाहीत आणि पांढरी बुरशी धरते. वाटेवर आणि तटावर हळीव पडला तर आत्ताच पुसायचा, उगवल्यावर उपटला की पायऱ्याही निघून येतात.

वरून ओलं सुती कापड. गोणपाट आता नको, मोड त्याच्या विणीत घुसतात आणि काढताना उपटून येतात.

बुधवार, १५ ऑक्टोबर

दक्षिण उतारावर केसासारख्या भेगा. कोरडी माती भरून उपयोग नाही, ती गळून पडते. पाणी फवारून, काल्यात बोट बुडवून भेगेवर आडवं फिरवायचं, लांबीच्या दिशेने नाही. फवारणी सकाळी, दुपारी, संध्याकाळी, बारीक तुषारांनी. तांब्याने पाणी ओतलं तर बी वाहून पायथ्याला जमतं.

संध्याकाळी कापड काढलं. मोड आलेले होते. आणखी एक दिवस झाकून ठेवले असते तर पिवळे आणि लांबडे झाले असते.

गुरुवार, १६ ऑक्टोबर: चित्रं

चित्रं म्हणजे किल्ल्यावर मांडायच्या मातीच्या मूर्ती. त्यांसाठी कसबा पेठेतल्या कुंभारवाड्यात सकाळी जावं, संध्याकाळी गर्दीत लहान मुलांना काही दिसत नाही. मुलांना आधीच यादी दिली, नाहीतर सगळेच वाघ उचलतात: सिंहासनावरचे महाराज, मावळे, दोन तोफा, भालदार-चोपदार, गवळण, शेतकरी, बैलजोडी, हत्ती. महाराज सहा इंची आणि मावळे तीन इंची घेतले की माथा भरलेला दिसतो, पण दाटी होत नाही. तीन वर्षांखालच्यांच्या हातात सुट्ट्या बारीक वस्तू नकोत, आणि रंगवलेली चित्रं हाताळल्यावर साबणाने हात धुवायचे.

मातीची चित्रं ओल्या किल्ल्यावर थेट ठेवली तर बूड ओल शोषतं आणि दोन दिवसांत पाय विरघळतात. मोठ्यांनी मेणबत्तीचं मेण वितळवून प्रत्येक चित्राचं बूड त्यात बुडवून घेतलं. मेण नसेल तर खाली बाटलीचं झाकण उपडं ठेवावं. तोफेचं तोंड वाटेच्या वळणाकडे हवं. मुलं ती प्रेक्षकांकडे वळवतात, तेव्हा गडावर उभं राहून काय दिसलं ते आठवायला सांगायचं.

शुक्रवार, १७ ऑक्टोबर, वसुबारस

गवळण आणि गाय-वासरू पुढे आणले. भगवा झेंडा कागदाचा, काठी बांबूची, टोक कापून गोंदाचा थेंब लावलेला. मुलांच्या डोळ्यांत जाईल एवढ्या उंचीची काठी ठेवायची नाही.

पणत्या फक्त पायथ्याला, विटांच्या कडेवर, काड्यांपासून निदान एक फूट दूर. विजेच्या माळा किल्ल्यावर नाहीत, कारण दिवसातून तीनदा फवारणी होते. बॅटरीची माळ चालते, तिची डबी कोरड्या विटेवर. किल्ल्यात फटाका पुरायचा नाही, हे मोठ्या मुलांना आजच सांगून ठेवलं. मातीबरोबर दगडही उडतात.

रविवार, १९ ऑक्टोबर

चिमण्या आणि साळुंक्या गव्हावर, मुंग्या हळिवावर. पायथ्याभोवती हळदीची रेघ ओढली, मुंग्या कमी झाल्या, थांबल्या नाहीत. मांजरं मऊ माती उकरतात. रात्री चार काठ्यांवर जुनी ओढणी ताणून ठेवली, ती हळिवाला टेकू द्यायची नाही. ढग आले तर त्याच काठ्यांवर प्लास्टिक, एका बाजूला उतार देऊन.

तळ्यातलं पाणी एक दिवसाआड बदलायचं. साचलेल्या पाण्यात डेंग्यूचे डास होतात, झाकणभर पाणीही त्यांना पुरतं.

मंगळवार, २१ ऑक्टोबर, लक्ष्मीपूजन

उत्तरेचा कडा गच्च हिरवा, दक्षिणेचा विरळ. उन्हाच्या बाजूला पुढच्या वेळी चौथी फवारणी लागेल, किंवा तिथे दगडच उघडे ठेवावेत. सह्याद्रीचा कडा तसाही काळा-उघडा शोभतो. हळीव पाच सेंटीमीटरवर कात्रीने कापला की पुन्हा थोडा भरतो. कापलेला खायला घ्यायचा नाही, त्यावर रंग आणि मुलांचे हात लागलेले असतात.

पाहुण्यांना किल्ला मुलांनीच दाखवावा. सहा वर्षांच्या मुलाला चार दरवाज्यांची नावं खालून वर म्हणता येतात, तीन वर्षांचं मूल खजिन्याची खोली बोटाने दाखवतं. मोठ्यांनी मध्ये बोलायचं नाही.

रविवार, २६ ऑक्टोबर: उतरवणं

हळीव पिवळा पडला. आधी चित्रं काढून, कोरड्या ब्रशने झाडून, प्रत्येक वेगळ्या वर्तमानपत्रात. तोफांचे दांडे पहिले तुटतात, ते कापसात. मग मुलांना माती पाडू दिली, छोट्या लाकडी थाप्यांनी. विटांपर्यंत पोचलं की मुलांनी मागे व्हायचं.

माती चाळून कुंड्यांत आणि आंब्याच्या आळ्यात गेली, मुळांसकट हळीव कंपोस्टात. गोणपाट आणि काथ्याही तिथेच, बोटभर तुकडे करून, सबंध पोतं कुजायला फार वेळ घेतं. काड्या धुऊन, मोजून डब्यात. विटा पुन्हा सोसायटीच्या कोपऱ्यात, जमिनीपासून उचलून दोन फळ्यांवर रचल्या, म्हणजे खाली ओल आणि विंचू राहत नाहीत. जाळीवरचं गोणपाट सगळ्यात शेवटी काढलं आणि जागा धुतली.

पुढच्या वर्षीसाठी वहीत लिहिलं: काथ्या आधीच कापून घेणे, मीठदाण्या तीन (एकीवरून भांडणं होतात), दक्षिण उताराला आडोसा. समुद्रातला खांदेरी किल्ला करायचा असेल तर भोवती पाणी लागेल, म्हणून खालचं प्लास्टिक दुहेरी आणि विटांची कड दोन रांगांची.